किती उजेड म्हणजे पुरे?

मुलांनो, आधी एक गणित घालते. नऊ वॅटचा एलईडी दिवा तुमच्या घरी असेलच. तो साधारण 800 ते 900 लुमेन उजेड देतो. लुमेन म्हणजे उजेड मोजायचं माप. एक मेणबत्ती चहूकडचा मिळून साधारण 12 लुमेन उजेड देते. तर एलईडीच्या एका वॅटमागे ढोबळमानानं 100 लुमेन धरा. आता एका प्रोजेक्टरच्या खोक्यावर पुढं ठळक अक्षरांत छापलंय, '9,000 लुमेन'. मागं बारीक अक्षरांत छापलंय, '50 वॅट'. तुम्ही काय समजाल?

सुटलं ना? पन्नास वॅटमधून फार तर 5,000 लुमेन निघतील, आणि तेही आतल्या दिव्यातून. पुढं तो उजेड चित्र तयार करणाऱ्या एलसीडी काचेतून आणि भिंगातून जाताना बहुतेक आतच जिरतो. भिंतीवर दोन-तीनशे लुमेन पोचले तरी पुष्कळ!

आमच्या थोरलीनं दुकानात उभ्या उभ्या, खोकं उलटंसुलटं करून हे गणित मांडलं. ती नववीत आहे. दुकानदार तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "ताई, सगळेच असं छापतात." हे मात्र त्यानं खरं सांगितलं.

आम्हाला प्रोजेक्टर हवा होता तो आजींसाठी. आजी म्हणजे माझ्या सासूबाई, वय ऐंशी. त्यांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला वयामुळे होणारा आजार आहे. कडेचं दिसतं, पण समोर जिथं नजर रोखावी तिथंच धूसर. चष्मा बदलून भागत नाही. डॉक्टर म्हणाले होते, "वस्तू मोठी करा, उजेड वाढवा, जवळ बसा." आमचा टीव्ही 32 इंची. त्याला नाक लावून बसल्या तर आजींना थोडं दिसायचं, पण मग मागच्यांना आजींची पाठच दिसायची! "आजी, सरक ना गं" असं धाकटा दोनदा म्हणाला असेल-नसेल. तेव्हापासून सिनेमा लागला की त्या "तुम्ही बघा, मी शेंगा सोलते" म्हणून आत जायच्या. शेंगा रोज कुठून येणार? पण त्या आत जायच्या.

माझी भिशी लागली त्याचे 15 हजार आणि थोरलीनं साठवलेले 3 हजार, असे 18 हजार आमच्याकडे होते. एवढ्यात येणारा टीव्ही घेतला असता तर आजींची खुर्ची फार तर वीतभर मागं सरकली असती. खरोखर मोठं चित्र हवं असेल तर प्रोजेक्टरच. जूनमध्ये शाळेच्या फिया भरायच्या होत्या, त्यामुळे 18 हजारांवर एक रुपयासुद्धा चढणार नव्हता. थोरलीचे पैसे त्यात असल्यामुळे तिला पूर्ण मत होतं आणि ते तिनं पहिल्याच दिवशी देऊन टाकलं. तिला नवा, छोटा, '1080' वाला हवा होता.

तिचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं, बरं का! पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनतं. त्यांना पिक्सेल म्हणतात. 1920 गुणिले 1080 म्हणजे जवळजवळ पावणेएकवीस लाख ठिपके. पुष्कळ स्वस्त खोक्यांवर 'फोर-के चालते' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की तसा सिनेमा आत घेतला जातो. बाहेर फेकताना यंत्रात जेवढे ठिपके असतील तेवढेच पडणार. काही यंत्रांत ते 800 गुणिले 480, म्हणजे चार लाखांच्याही आतच असतात. घागरीभर पाणी पेल्यात ओतलं तर पेला घागर होत नाही. म्हणून यंत्राचे मूळचे ठिपके किती, हाच प्रश्न विचारायचा. थोरलीनं निवडलेल्या यंत्राचे मूळचेच 1920 गुणिले 1080 होते. त्यावर उजेडही प्रामाणिकपणे छापलेला होता, 250 एएनएसआय लुमेन.

ही अक्षरं म्हणजे मोजमापाची एक ठरलेली पद्धत. पूर्ण पांढरं चित्र पाडायचं, त्याचे सारखे नऊ भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मधोमध उजेड मोजायचा, सरासरी काढायची आणि चित्राच्या क्षेत्रफळानं गुणायचं. म्हणजे आतला दिवा कितीही डौल मिरवो, भिंतीवर पोचलं तेवढंच खरं. आयएसओ लुमेन हेही असंच भरवशाचं माप. नुसतं 'लुमेन' किंवा 'एलईडी लुमेन' लिहिलेलं असेल तर वॅटचं गणित मांडून बघा.

मग 250 लुमेन पुरतात का? योगायोगानं शेजारच्यांकडे जवळजवळ तसलंच यंत्र होतं. एका रविवारी दुपारी तीन वाजता ते मागून आणलं. दुपारी का, तर आमच्या आजी रात्री आठला झोपतात. त्यांचा सिनेमा व्हायचा तर दुपारीच. पडदे ओढले, भिंतीवर सहा फूट रुंद चित्र पाडलं. आम्हाला सगळ्यांना दिसलं, जरा फिकट पण छान. आजी चार फुटांवर बसल्या होत्या. पाच-सात मिनिटांनी म्हणाल्या, "माणसं आहेत खरी. पण कोण रडतंय नि कोण हसतंय ते कळेना गं." मग यंत्र पुढं सरकवून चित्र निम्म्या रुंदीचं केलं. लगेच झळझळीत झालं. रुंदी निम्मी झाली की उंचीही निम्मी होते, क्षेत्रफळ पाव उरतं आणि तोच उजेड चौपट दाट होतो. पण तीन फुटांचं चित्र म्हणजे आमचा टीव्हीच की थोडा फुगवलेला!

त्या रात्री थोरली वही घेऊन बसली. मोठ्या थिएटरात पडद्याच्या दर चौरस फुटामागे साधारण 16 लुमेन उजेड असावा असं प्रमाण आहे, आणि तेही मिट्ट काळोखात. आमच्या भिंतीवर सहा फूट रुंद आणि साडेचार फूट उंच चित्र बसत होतं, म्हणजे 27 चौरस फूट. (कर्ण किती? पायथागोरसला विचारा. बरोब्बर साडेसात फूट, म्हणजे 90 इंच.) 250 भागिले 27, जेमतेम नऊ. वही मिटून ती म्हणाली, "आई, तो जुना ऑफिसवाला बघू या."

हा 'जुना ऑफिसवाला' मुलांच्या बाबांनी सुचवलेला होता. कचेऱ्यांमधून सभांसाठी वापरलेले प्रोजेक्टर पुढं जुन्या बाजारात येतात. दिसायला बोजड, पंखा घुंइऽऽ करणारा, पण भर उजेडातल्या सभेसाठीच बनवलेले, त्यामुळे उजेड दांडगा. आमच्या डोळ्यांसमोर होता तो मूळचा 3,000 लुमेनचा. दिवा अर्धवट वापरलेला आणि किफायती उजेडावर चालवायचा, म्हणून आम्ही निम्मेच, 1,500 धरले. भागिले 27, पंचावन्न! ठिपके मात्र 1024 गुणिले 768, म्हणजे पावणेआठ लाखांच्या आसपास. चित्राचा आकारही जुन्या टीव्हीसारखा, चारास तीन. आजचे लांबट सिनेमे आणि क्रिकेट लावलं की वरखाली पट्टे रिकामे राहतात आणि कामाचे ठिपके सहा लाखांवरही जात नाहीत. थोरलीला यातलं सगळं ठाऊक होतं.

पण एक गोष्ट तिला धाकट्यानं दाखवली, तो पाचवीत आहे. "आजीचे सिनेमे कुठं लांबट असतात?" खरंच की! पूर्वीचे कृष्णधवल बोलपट जवळजवळ चारास तीन आकाराचेच. नव्या लांबट पडद्यावर त्यांच्या दोन्ही बाजू रिकाम्या राहतात. जुन्या ऑफिसवाल्यावर ते भिंत भरून उमटणार होते.

जुनं यंत्र घेताना काय बघितलं ते सांगते, तुमच्या आईबाबांना उपयोगी पडेल. मेनूमध्ये दिव्याचे तास दिसतात. आमच्याचे 1,460 होते आणि माहितीपत्रकात किफायती उजेडावर 5,000 तासांचा अंदाज दिला होता. पण हे तास पुसून शून्यही करता येतात. म्हणून खरी परीक्षा पांढऱ्या पानाची. दुकानातले दिवे बंद करायला लावले आणि नुसतं कोरं पांढरं चित्र पाडलं. पिवळे किंवा निळसर डाग दिसले तर आतल्या काचा थकल्या समजा. धूसर गोल ठिपके दिसले तर आत धूळ. पहिलं यंत्र आम्ही त्या पिवळ्या डागापायीच नाकारलं, दुसरं घेतलं. अर्धा तास चालू ठेवून पंख्याचा आवाज ऐकला, मागून येणारा वारा हातानं पाहिला. नवा दिवा कितीला पडेल तेही आधी विचारलं. साडेचार हजार. यंत्र 11 हजारांचं. दिव्याचे साडेचार हजार त्याच दिवशी बाजूला काढून ठेवले, कारण दिवा कधी ना कधी जाणारच. उरले अडीच हजार.

त्या अडीच हजारांत काय आलं? पांढरा रंग, जोडणीची तार आणि काळं जाड कापड. ध्वनीसाठी घरातला जुना म्युझिक सिस्टिम होताच. आमची भिंत फिकट हिरवी होती. तिचा तेवढाच चौकोन घासून गुळगुळीत केला आणि पांढरा, अजिबात न चमकणारा रंग दिला. चकचकीत रंगावर दिव्याचा ठिपका उमटतो.

काळ्या कापडाची गोष्ट जरा गमतीची आहे. मला सांगा, प्रोजेक्टर काळा रंग कसा पाडत असेल? पांढरा पाडतो, लाल पाडतो, पण काळा उजेड असतो का कुठं? प्रोजेक्टर काळा पाडतच नाही! काळ्या जागी तो जमेल तेवढा उजेड अडवतो. बाकी तिथं दिसते ती तुमची भिंत. म्हणून चित्रातला काळा रंग किती काळा, हे बरंचसं तुमच्या खोलीवर ठरतं. खिडकीवर काळं कापड लावलं आणि नायिकेचे केस राखाडीचे काळे झाले. माझ्या मते या सगळ्या खरेदीत चारशे रुपयांचं ते कापड सर्वांत किमती ठरलं.

यंत्र फळीच्या खाली उलटं टांगलं, भिंतीपासून नऊ फुटांवर. मेनूत चित्र उलटवायची सोय असते. या यंत्राला चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतं, म्हणून सहाला नऊ. तिरपं ठेवून मेनूतून चित्र सरळ करता येतं, पण त्यात ठिपके वाया जातात आणि आमच्याकडे ते आधीच मोजके! धाकट्याला दोन गोष्टी बजावल्या आहेत. भिंगात कधीही डोकवायचं नाही, आणि सिनेमा संपल्यावर पंखा थांबेपर्यंत बटण बंद करायचं नाही. तो पंखा तापलेल्या दिव्याला निववत असतो.

पहिला सिनेमा कोणता लावायचा हे आजींना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, "श्यामची आई." आचार्य अत्र्यांचा हा सिनेमा 1953 सालचा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. आजींनी तो आठ-नऊ वर्षांच्या असताना गावच्या जत्रेत, तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये पाहिला होता. तेव्हा यंत्रात कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी धरून उजेड पाडत. आजी म्हणाल्या, "पुढं बसायला पैसे जास्त. आम्ही पोरी पडद्याच्या मागं बसायचो."

"मागून कसं दिसायचं?" धाकटा ओरडलाच.

"दिसायचं की! कापडच ते. पण सगळं उलटं. पाटीवरची अक्षरं उलटी, डावखुरे लोक फार." 

थोरलीनं लगेच सांगितलं, की म्हणूनच चादरीचा पडदा करू नये, निम्माशिम्मा उजेड पलीकडे निघून जातो. आजींनी मान डोलावली. त्यांना ते सत्तर वर्षांपासून माहीत होतं.

दुपारी तीनला काळं कापड ओढलं. आजींची खुर्ची चार फुटांवर, जरा कडेला. साडेचार फूट उंच भिंतीवर आईचा चेहरा आला तेव्हा आजींनी मान किंचित तिरकी केली. डोळ्याचा चांगला कोपरा समोर आणायची ती त्यांची सवय आहे. मी त्यांना विचारलं नाही, दिसतंय का म्हणून. थोड्या वेळानं त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मी जेव्हा लावला त्याच्या आधी लावला. म्हणजे दिसत होतं.

थोरली फळीखालच्या पंख्यावर अजून नाराज आहे, आणि क्रिकेटमध्ये चेंडू हरवतो म्हणून कुरकुरते. सामने ती शेजारी बघते. पण दिव्याच्या तासांची वही तीच ठेवते. आठवड्याला दोन सिनेमे म्हणजे पाच तास, वर्षाचे 260. काल वहीत 1,512 तास होते. धाकट्यानं परवा दारात जुनं पांढरं धोतर बांधून घेतलं, यंत्र तिकडं वळवायला लावलं आणि पलीकडे जाऊन बसला. उलटी अक्षरं वाचून दाखवत होता. "आजी, ये ना मागं!" म्हणून हाका मारत होता.

"तू बस," आजी म्हणाल्या. "मी बसले पुष्कळ. आता मी पुढंच बसणार."