तुबलीतला निळा धूर

तुबलीला कुणी मुद्दाम फिरायला जात नाही. बहारीनला गावाकडून पाहुणे आले की आपली यादी ठरलेली असते. बाब-अल-बहरीन, सूकमधलं श्रीनाथजीचं मंदिर, किल्ला, वाळवंटात एकटं उभं असलेलं ते झाड आणि वेळ उरलाच तर सखीरचं रेसिंग सर्किट. तुबली आपण गाडीतून जाताना बघतो. गोदामं, फर्निचरची दुकानं, कामगारांच्या इमारती, वर्कशॉपांची शटरं. दमट दिवशी काच खाली केली की सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची आठवण नाकाला होते, म्हणून काच वरच असते.

माझे वडील मात्र महिनाभराच्या मुक्कामात ती सगळी यादी दोन शनिवारांत उरकून उरलेले दिवस तुबलीत रमले. त्याची ही हकीकत.

आप्पांनी दापोडीच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बत्तीस वर्षं इंजिनं खोलली आणि बसवली. आई गेल्याला वर्ष होत आलं होतं. पुण्यातल्या घरात ते एकटे. फोनवर "बरं आहे" यापलीकडे काही बोलायचे नाहीत. शेवटी आम्ही तिकीटच काढून पाठवलं. आले, आणि आमच्या सातव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून राहिले. चौथ्या दिवशी परतीची तारीख अलीकडे आणता येईल का, असं विचारलं.

माझा नवरा आणि आप्पा यांच्यात पंधरा वर्षं एकच नातं होतं, 'अहो जावईबापू' आणि 'बसा ना आप्पा' एवढ्याचं. दोघेही चांगले, पण एका खोलीत सोडले की टीव्हीचा आवाज वाढायचा. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी रिफातल्या एका माणसाकडून १९७७ची सुझुकी जीएस ७५० घेऊन ठेवली होती. सुझुकीची ही पहिली मोठी चार सिलिंडरची फोर-स्ट्रोक. त्याआधी त्यांच्या बहुतेक गाड्या टू-स्ट्रोक असायच्या. ही आमच्या लग्नाच्या कितीतरी आधीची, पण घरात तिचा मान माझ्याहून मोठा. ती तुबलीतल्या एका गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होती. तिथले मिस्त्री केरळचे, त्यांना सगळे चेट्टा म्हणतात. गाडी सुरू व्हायची, पण निळा धूर ओकायची. चेट्टांचं निदान ठरलेलं होतं: पिस्टन-रिंगा गेल्या, चारही सिलिंडर बोअर करायचे. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी विकायचा प्रस्ताव मांडला होता.

त्या शुक्रवारी नवरा गॅरेजला निघाला तेव्हा आप्पांनी नुसतं विचारलं, "धूर कधी येतो?"

"येतोच आप्पा. निळा."

"तसं नाही. रात्रभर उभी राहून सकाळी सुरू केल्यावर येतो, की पिळल्यावर येतो?"

नवऱ्याला सांगता येईना. मग आप्पा चपला घालून निघाले, आणि मीही.

हा प्रश्न म्हणजे अर्धं निदान असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या घरी जेवताना हेच विषय असायचे. इंजिनाच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, व्हॉल्व असतात. हवा आत घेणारी आणि जळलेला धूर बाहेर सोडणारी ती दारं. व्हॉल्वची दांडी एका नळीतून, गाइडमधून, खाली-वर सरकते. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर एकेक व्हॉल्व सेकंदाला पन्नास वेळा उघडतो. दांडीला तेल लागतंच, पण वर हेडमध्ये तेलाचा शिडकावा भरपूर असतो. ते सगळं गाइडमधून खाली उतरू नये म्हणून गाइडच्या टोकावर रबराची छोटी टोपी बसवलेली असते. तेच व्हॉल्व सील. ते तेल पूर्ण बंद करत नाही, थेंबभर जाऊ देतं. पूर्ण बंद झालं तर दांडी गाइडमध्ये आवळेल.

रबर उष्णतेने कडक होतं. मग टोपी दांडीला धरत नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल हळूहळू झिरपून खाली साचतं आणि सकाळी पहिल्या मिनिटाला निळा ढग निघतो. किंवा उतारावर, सिग्नलला, थ्रॉटल सोडल्यावर आतल्या ओढीने तेल खेचलं जातं आणि पुन्हा पिळलं की मागे भपकारा येतो. रिंगा गेल्या असतील तर धूर जोर लावताना येतो, आणि येतच राहतो. आप्पांनी शनिवारी सकाळी परत नेऊन गाडी थंड असताना सुरू करायला लावली. पहिला भपकारा, मग साफ. चेट्टांनी कॉम्प्रेशन तपासलं, चारही सिलिंडर जवळपास सारखे. आप्पा म्हणाले, "रिंगा कशाला बदलता? डोकं उतरवा."

बहारीनच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली गाडी न चालताही म्हातारी होते, हे चेट्टांनी लगेच मान्य केलं. हिंदी दोघांचीही मोडकी. पण पाना हातात आल्यावर भाषेची अडचण फारशी राहिली नाही.

टाकी, कार्बोरेटर, एक्झॉस्टचे पाइप, दोन कॅमशाफ्ट, मग हेड. त्यात दोन शुक्रवार गेले. शुक्रवारी दुपारची नमाज होईपर्यंत गॅरेज बंद असायचं, म्हणून आम्ही लवकर निघून खाडीच्या कडेला थांबायचो. तुबलीची खाडी भराव टाकून टाकून आक्रसली आहे. कधीकाळी इथे खजुराच्या बागा होत्या, गोड्या पाण्याचे झरे होते. तरी रास सनदच्या बाजूला तिवरं अजून तग धरून आहेत आणि १९९७ पासून या खाडीचं नाव रामसारच्या यादीत आहे. थंडीत रोहित पक्षी येतात. आप्पांनी ते पाहिले आणि तोंड भरून हसले. "हे तर आपले भिगवणचे!" उजनीच्या पाण्यावर ते आणि आई रोहित बघायला जायचे, एसटीच्या पासावर. आईचं नाव त्यांनी आल्यापासून पहिल्यांदा तिथे घेतलं.

तिथून जवळच अधारीचा झरा. आता तिथे बाग आणि पाळणे आहेत. पूर्वी त्याचं पाणी पाटांनी लांबच्या बागांना जायचं आणि शेजारच्या जमिनी कोरड्या राहायच्या, म्हणून बहारीनी लोकांत म्हण पडली आहे: अधारी लांबच्याला पाजते आणि जवळच्याला विसरते. नवऱ्याने ती गमतीने सांगितली. आप्पा थोडं थांबून म्हणाले, "पाणी पोचत होतं हो आमच्याकडे, दर महिन्याला." एवढंच. मी खाडीकडे बघत राहिले. आई गेली तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पोचले होते.

हेड टेबलावर आलं, तेव्हा कामाचा खरा भाग सुरू झाला. आप्पांनी आधी पुठ्ठा मागितला. खजुराच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोकं पाडून १ ते ८ आकडे घातले. प्रत्येक व्हॉल्व निघाला की आपापल्या भोकात. इतकी वर्षं एका गाइडमध्ये घासलेली दांडी दुसऱ्या गाइडमध्ये घालायची नाही. स्प्रिंग दाबायला सुताराचा जी-क्लॅम्प आणि खिडकी कापलेला पाइपचा तुकडा. हे चेट्टांचं जुगाड आप्पांना इतकं आवडलं की त्यांनी त्याचं चित्र काढून घेतलं. स्प्रिंग दाबली की दांडीच्या खाचेतले दोन अर्धे लॉक सुटतात. आठ व्हॉल्व, सोळा लॉक, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. ते चुंबकाने उचलायचे. मग व्हॉल्व बाहेर ओढण्याआधी खाचेच्या कडेवर बोट फिरवायचं. तिथे धार चढलेली असेल तर ती आधी बारीक दगडाने मारायची. नाहीतर बाहेर येताना ती गाइडला आतून ओरखडते.

सीलं पाहून चेट्टाही गप्प झाले. रबर म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं. जुन्या रेडिओचं बटण असतं तसं कडक, काळं. नवऱ्याने स्क्रूड्रायव्हर घेतला, पहिल्या सीलखाली घातला आणि गाइडवर टेकवून उचकटणार, तोच आप्पा ओरडले:

"अरे थांब! अक्कल आहे का? गाइड फुटेल!"

सगळं गॅरेज थांबलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा 'अरे'. नवऱ्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मला वाटलं, आता घरी जाऊन दोघं आपापल्या खोलीत बसणार. पण नवरा म्हणाला, "मग कसं काढू? दाखवा."

आप्पांनी दाखवलं. पकडीच्या जबड्यांना कापडाची पट्टी गुंडाळायची. सील वरून सरळ धरायचं, दाबून चिरडायचं नाही. आधी डावी-उजवीकडे फिरवून त्याची चिकट सोडवायची आणि मग सरळ वर ओढायचं. बाजूला झुकवायचं नाही. गाइडचं टोक ठिसूळ, आणि भोवतालचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यावर पडलेला ओरखडा कायमचा. एखादं सील तुकडे होऊन आलं तर प्रत्येक तुकडा हिशेबात धरायचा. सीलच्या गळ्यात केसाइतक्या तारेची गोल स्प्रिंग असते, ती सुटून तेलाच्या वाटेत गेली तर नवं इंजिनसुद्धा खाईल. आम्ही आठ सीलं आणि आठ स्प्रिंगा स्टीलच्या वाटीत मोजल्या. सातवी स्प्रिंग मिळेना. अर्धा तास शोधली, ती आप्पांच्या स्वेटरला अडकलेली निघाली.

मग त्यांनी प्रत्येक व्हॉल्व आपल्या गाइडमध्ये घालून हलवून पाहिला. गाइडच झिजली असेल तर नवं सीलही थोड्याच दिवसांत मरतं. नुसती सीलं बदलून पैसे घेणाऱ्या मिस्त्रीवर आप्पांचा जुना राग आहे. आमच्या गाइडा ठीक होत्या. नवी सीलं बाहेरून मागवली, व्हायटॉनची. ते रबर जुन्या नायट्राइलपेक्षा बरंच जास्त तापमान सोसतं. व्हॉल्व पेस्ट लावून घासले, हेड रॉकेलने धुतलं. नवं सील चढवताना दांडीच्या टोकावर प्लॅस्टिकची टोपी घालायची, म्हणजे खाचेची कड रबराचा ओठ कापत नाही. तेल लावून सरळ दाबायचं, बसल्याचं बोटाला कळतं.

लॉक बसवायची वेळ आली तेव्हा आप्पांची बोटं थरथरायला लागली. पहिला लॉक दोनदा पडला. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "जावईबापू, हे तुम्ही करा. ग्रीसचा ठिपका लावा, म्हणजे चिकटून राहतो." 'अहो' परत आलं होतं. सोळाही लॉक नवऱ्याने बसवले. आप्पा शेजारी स्टुलावर बसून प्रत्येकाला "हं" म्हणत होते.

तरी आप्पा असताना गाडी सुरू झाली नाही. व्हॉल्व घासले की ते थोडे आत बसतात आणि कॅमशी असलेलं अंतर कमी होतं. या इंजिनाला ते ०.०३ ते ०.०८ मिलिमीटर लागतं, आणि ते जमवायला पातळ चकत्या घालाव्या लागतात. तीन चकत्या इथे मिळेनात. व्हिसा संपला. विमानतळावर आप्पांनी मला चार सूचना दिल्या, त्यातल्या तीन गाडीच्या होत्या. चौथी, मी वेळेवर जेवावं ही.

चकत्या तीन आठवड्यांनी आल्या. दरम्यान नवरा रोज रात्री फोन करून अंतरांचे आकडे सांगायचा आणि पलीकडे आप्पा ते वहीत उतरवून घ्यायचे. कधी मी फोन मागितला तर दोघांनाही घाई असायची. संध्याकाळी इंजिन पहिल्यांदा लागलं, पण आप्पांनी व्हिडिओ बघायला नकार दिला. "आत्ताचं काही खरं नाही. रात्रभर राहू दे. सकाळी लावा आणि मला सायलेन्सर दाखवा."

शनिवारी सकाळी सहाला आम्ही तुबलीत होतो. हवेत दमटपणा, खाडीवर धुकं. चेट्टा चहाचा ग्लास घेऊन उभे. नवऱ्याने बटण दाबलं, मी फोन सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. मागून पांढरं काहीतरी निघालं आणि माझा जीव खाली-वर झाला.

"हात धर गं त्याच्यापुढे," आप्पा म्हणाले. "ओला होतो?"

झाला.

"पाणी आहे ते. जाईल. निळं दिसतंय का कुठं?"

मिनिटभराने पांढरं विरलं. नवऱ्याने थ्रॉटल पिळला, सोडला, परत पिळला. काही नाही.

"बरं," आप्पा म्हणाले. "आता पाचशे किलोमीटर झाले की तेल बदला, आणि अंतरं परत मोजा. आणि जावईबापूंना म्हणावं, आकडे मलाच सांगा."

नवरा शेजारीच उभा होता.

"ऐकू येतंय आप्पा," तो म्हणाला.