उभा ट्रॅक्टर

वापरली की वस्तू झिजते, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. नांगराचा फाळ झिजतो, विळ्याची धार जाते, बैल म्हातारा होतो. पण नुसतं उभं राहूनही यंत्र मरतं, हे मी आमच्याच शेडात पाहिलं.

आण्णा म्हणजे माझे वडील, तात्या म्हणजे चुलते. दोघांनी मिळून कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला. पुढं वाटणी निघाली. जमीन मोजून वाटली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, पण ट्रॅक्टरचे दोन तुकडे कसे करणार? दावा कोर्टात गेला. निकाल लागेपर्यंत कुणीच चालवायचा नाही असं ठरलं आणि तारखांवर तारखा पडत नऊ पावसाळे गेले. आण्णा म्हणायचे, "असू दे. उभाय म्हणजे झिजत तरी नाही." तात्यांचंही तेच म्हणणं. तेवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.

शेवटी तडजोड झाली. चुलत भाऊ आणि मी तालुक्याहून एका म्हाताऱ्या मिस्त्रींना आणलं. त्यांनी बॅटरी जोडूच दिली नाही. "आधी पोटात काय हाय ते बघू," म्हणाले आणि खाली घमेलं ठेवून ऑइल चेंबरचा नट सोडला. आधी आलं पाणी, अर्धी वाटी तरी असेल. मग मळकट, चहात दूध फुटल्यासारखं ऑइल. तळाला बोट घातलं तर डांबरासारखा गाळ.

"यात पाणी कुणी घातलं?" चुलत भाऊ म्हणाला. रोख आमच्या घराकडं होता. माझ्याही तोंडावर उलट उत्तर आलं होतं.

मिस्त्री म्हणाले, "कुणी न्हाय घातलं बाबा. हवेतनं आलंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. इंजिनाला श्वास घ्यायची नळी असते. दिवसा पत्रा तापला की आतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री गार पडलं की ओलसर हवा आत येते. गार लोखंडावर दव धरतं आणि थेंब थेंब खाली उतरतं. इंजिन रोज तापलं तर हे पाणी वाफ होऊन निघून जातं. उभ्या इंजिनात ते साठतं. त्यात ऑइल वापरलेलं. डिझेल जळताना तयार होणारी काजळी आणि आम्ल त्यात मुरलेलं असतं. आम्ल मारायला ऑइलमध्ये औषध घातलेलं असतं, पण तेही संपतं. मग तेच ऑइल बेअरिंग खात बसतं. वर लायनरवरचा ऑइलचा पातळ थर ओघळून जातो आणि रिंगा गंजून चिकटतात.

हे बोलणं चाललं असताना आण्णा आणि तात्या दोन बाजूंनी येऊन उभे राहिले. तात्यांनी घमेल्यात बोट बुडवून वास घेतला आणि घमेलं आण्णांकडं सरकवलं. बोललं कुणीच नाही. पण पाण्याचा विषय तिथंच मिटला.

मिस्त्रींनी नोझल काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये डिझेल आणि ऑइल सोडलं. तीन दिवस थांबून पुढची पुली पान्यानं हळूहळू मागंपुढं हलवली, तेव्हा इंजिन सुटलं. चेंबर धुतलं, फिल्टर आणि ऑइल नवं घातलं. डिझेल बंद ठेवून, ऑइलच्या मीटरचा काटा वर येईपर्यंत सेल्फ मारला आणि मगच चालू केलं. दहा तास चालवून ते ऑइलही काढून टाकलं. तरी निळा धूर येतच राहिला. एका लायनरला गंजानं खड्डे पडले होते. पुढच्या उन्हाळ्यात तो बदलला, खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा केला.

गाडी बरेच दिवस उभी करायची असेल तर ऑइल आधी बदला, मग उभी करा. अधूनमधून पाच मिनिटं चालू करून उपयोग नाही, त्यानं उलट ओल वाढते. चांगलं तापेपर्यंत, अर्धा तास तरी फिरवा. आमच्याकडं आता पंपाचं जुनं इंजिन वर्षात चार दिवस लागतं. तास भरले नाहीत तरी दर दिवाळीला मी त्याचं ऑइल बदलतो.