पाकळीचा ल

मराठवाड्यातल्या भूमच्या एस.टी. स्टँडजवळ एक पेंटर बसायचे. पत्र्यावर पिवळा ऑइलपेंट, तो वाळला की खडूनं मारलेल्या दोन रेषा आणि त्या रेषांच्या मध्ये 'कुंथलगिरी पेढा'. 1998 साली, दहावीच्या सुट्टीत, त्यांच्या हाताखाली डबे धरणाऱ्या मुलाचं लक्ष 'ल'वर असायचं. शिरोरेषेवरून मधोमध उतरलेली दांडी आणि तिच्या दोन बाजूंना दोन पाकळ्या. डावी पाकळी काढून झाली की पेंटर ब्रश पुसत, मान तिरकी करून बघत, मगच उजवीला हात घालत. घाईत काढलेला ल वाकडा दिसतो आणि दुकानदार पैसे कापतो, हा त्या मुलाला मिळालेला डिझाइनचा पहिला धडा.

पुढं फ्लेक्स आला आणि पेंटरांचं काम भिंतींपुरतं उरलं. मुलगा कॉम्प्युटर क्लासला गेला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ 2001 साली स्थापन झालं होतं आणि त्याच्या एमएस-सीआयटी कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची पावतीच, अशी तालुक्यात समजूत होती. नोकरी मिळाली ती पुण्यात, एका डीटीपीच्या दुकानात. तिथून तो वेबसाइटच्या कामात सरकला.

2005च्या सुमारास त्यानं एका पतसंस्थेची साइट केली. स्वतःच्या मशीनवर मराठी झकास दिसत होतं. चेअरमनसाहेबांच्या ऑफिसात उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ! कारण साधं होतं. त्या वेळच्या 'शिवाजी'सारख्या फाँटांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. समोरच्याकडे तोच फाँट नसेल तर खालचं रोमन उघडं पडे. मग उपाय एकच, सगळा मराठी मजकूर चित्र म्हणून टाकायचा. डायल-अपवर ती चित्रं वरून खाली उतरायची, लग्नात पंगत वाढतात तशी सावकाश.

युनिकोडमध्ये देवनागरी 1991पासूनच होती. विंडोज 2000बरोबर 'मंगल' फाँटही आला होता. पण विंडोज एक्सपीवर मराठी नीट दिसायला सेटिंगमध्ये एक खूण करावी लागे आणि ती केली की कॉम्प्युटर मूळ सीडी मागे. तालुक्यात मूळ सीडी कोणाकडे असणार? साइट बनवणारा माणूस मग खिशात सीडी घेऊन गिऱ्हाइकांच्या दारोदार हिंडला. वेब डिझायनरचं हे रूप कुठल्याच पुस्तकात नाही.

'मंगल' घडवला तो र. कृ. जोशींनी. सुलेखनकार, कवी, मराठी माणूस. तरीही त्यात सहज टाइप केलं की जो ल उमटतो तो उजवीकडे दंड असलेला, हिंदीतला. देवनागरीत हिंदी वाचणारे जास्त, त्यात कुणाचा दोष नाही. पण पाकळ्यांचा ल डोळ्यांत बसलेल्याला तो दंड शेजारच्या घरातून आणलेल्या खुर्चीसारखा वाटत राहिला.

2012 साली तो भूमला परतला, फ्रीलान्स म्हणून. वडिलांना तो शब्द समजावता आला नाही. "पगार किती?" या प्रश्नाला 'कधी आहे, कधी नाही' हे उत्तर मराठवाड्यात शेतीचं असतं, कॉम्प्युटरचं नसतं. गल्लीतले लोक प्रिंटर घेऊन दारात येत. निम्मे पैसे आधी, निम्मे काम झाल्यावर, हा त्याचा नियम. दुसरे निम्मे हमखास अडकत. वर्षभरानं डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख आली की मात्र गिऱ्हाईक आपणहून फोन करी, आणि तेव्हा मागचा हिशोब मिटे. (हे फारसं उदात्त नाही, पण सगळे असंच करतात.) लोडशेडिंग, इन्व्हर्टर आणि परदेशी गिऱ्हाइकासाठी रात्री अकराला कॉल.

गावात बसून असं काम करणारी माणसं आता आजूबाजूला बरीच आहेत. बीड जिल्ह्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत पुण्यात इन्फोसिसच्या गेस्ट हाऊसवर कामाला होते, तिथं असतानाच डिझाइन शिकले. 2020च्या टाळेबंदीत ते गावी आले आणि रेंज चांगली मिळते म्हणून टेकडीवरच्या गुरांच्या गोठ्यात कॉम्प्युटर मांडून बसले. लोकांना त्यातला गोठा आठवतो. भूमच्या या डिझायनरनं ऐकलं तेव्हा त्याला रेंज आठवली. तीही बारा महिन्यांची भानगड.

सप्टेंबर 2016मध्ये जिओ आलं आणि मोबाइलवर मराठी वाचणारा माणूस तालुक्यातही भेटू लागला. वेबसाइटच्या तयार साच्यांमध्ये मात्र इंग्रजीच भरलेली. बटणाची उंची रोमन अक्षराच्या मापाची, त्यामुळं वरची वेलांटी कापली जाई आणि खालचा उकार गायब. अक्षरांमध्ये ऐटीत अंतर सोडण्याची फॅशन आली, तर शिरोरेषेचे तुकडे. वकिलांच्या साइटवर 'ॲड.' लिहायचं तर पंचाईत. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडला 2008 साली मिळालं, जुन्या फाँटांत त्याच्या जागी नुसता चौकोन.

टाळेबंदी उठल्यावर एका खवा व्यापाऱ्याचं, अण्णांचं, काम आलं. भूमचा खवा पुण्या-मुंबईकडे जातो. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाला किलोभर पडतो, आणि उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर टिकत नाही. त्यामुळं ऑनलाइन ऑर्डर घ्यायच्या की नाही यावरच दोन आठवडे गेले. शेवटी ठरलं, साइटवर फक्त माहिती आणि व्हॉट्सॲपचा नंबर. पान तयार झालं. अण्णांनी चष्मा वर सरकवला, मोबाइल लांब धरला.

"सर, समदं ब्येस हाय. पर कुंथलगिरीतला ल आपला न्हाई वाटत वो."

तेवीस वर्षांनी पुन्हा तोच ल. त्यानं फाइल उघडली. काही फाँटांत दोन्ही ल असतात, कुठला दाखवायचा हे पानाच्या भाषेवरून ठरतं. साच्यातून आलेल्या पहिल्याच ओळीत भाषा इंग्रजी लिहिलेली होती. तिथं मराठीची खूण, 'एम' आणि 'आर' ही दोन रोमन अक्षरं घातली, पान पुन्हा उघडलं, आणि दंडाच्या जागी पाकळ्या उमलल्या. श्रम दोन अक्षरांचे. पेंटरकाकांना एवढ्यात ब्रशही पुसून झाला नसता. पुढं नोव्हेंबर 2022मध्ये राज्य शासनानंही निर्णय काढून पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची रूपं म्हणून सांगितली, पण अण्णांना त्याची गरज पडली नव्हती.

अण्णांच्या खोक्यांवर अजून दंडाचाच ल आहे. छापखान्यात जुना फाँट आहे आणि आधी छापलेली खोकी संपायची आहेत. परवा अण्णांचा फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. नकाशात त्यांचं दुकान कोपऱ्यावरच्या मेडिकलवर दिसतंय, आणि पेढ्याची चौकशी करत लोक तिथं जातायत. तेवढं जरा बघा, म्हणाले.