जलशाला भिंती नव्हत्या

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात अपोलो नावाचं थिएटर आहे. १९१४ साली ते सुरू झालं तेव्हा काळ्या माणसाला प्रेक्षक म्हणून आत जायची मुभा नव्हती. १९३४ ला दार उघडलं आणि तेच थिएटर काळ्या कलावंतांचं माहेरघर झालं. त्याच वर्षी सतरा वर्षांची एला फिट्झगेराल्ड तिथल्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत गायली आणि जिंकली. पुढं जगानं तिला ऐकलं. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या राज्य सरकारनं ती इमारत विकत घेतली, म्हणून ती टिकली.

आपल्याकडे याच्या तोडीचं काय, असं कोणी विचारलं तर मी आंबेडकरी जलशाचं नाव घेईन. फक्त त्याला इमारत नव्हती. वस्तीतलं पटांगण, दोन बाजा जोडून केलेलं स्टेज, वर गॅसबत्ती. झालं थिएटर.

जलसेवाल्यांनी काय केलं ते बघा. तमाशाचा साचा होता गण, गवळण, बतावणी, वग असा. त्यांनी गवळण काढून टाकली. बाई नाचवणं बंद, बाईचं काम पुरुषानंच करायचं. गणात महापुरुषांना वंदन आलं. वगात राजा-प्रधानाच्या जागी सावकार आला, पाणवठा आला, मेलेलं ढोर ओढायला नकार देणारा तरणा पोरगा आला. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याला चळवळ कळली ती अशी, हसत हसत. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात हे गावोगाव नेलं. नाटकाचंही असंच. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं ‘युगयात्रा’ १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात झालं आणि पुढच्या वर्षी धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरात.

कर्डकांनी स्वतः ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक लिहून ठेवलं, म्हणून त्यांचं काम आज आपल्याला माहीत आहे. आपल्या भागातल्या गायन पार्ट्यांचं कोणी लिहिलं?

राळेगाव तालुक्यात आम्ही लहान असताना भीमजयंतीला कव्वालीचा मुकाबला व्हायचा. दोन पार्ट्या समोरासमोर, पहाटेपर्यंत. एकीनं सवाल टाकायचा, दुसरीनं तिथल्या तिथं जवाब बांधायचा. कापूस वेचून आलेल्या बाया लेकरं मांडीवर घेऊन बसायच्या, आणि जवाब जमला नाही तर गायकाची खैर नसायची! इतके कडक समीक्षक मी नंतर कुठल्याही नाट्यगृहात पाहिले नाहीत.

गेल्या वर्षी बातमीच्या निमित्तानं अशाच एका जुन्या गायकाकडे गेलो होतो. सत्तरी पार केलेला माणूस. म्हटलं, काकाजी, गाणी लिहून ठेवली का? त्यांनी पेटीतून वही काढली. शंभर पानी, कडा उंदरानं कुरतडलेल्या. प्रत्येक गाण्याच्या वर चाल लिहिलेली, म्हणजे कोणत्या सिनेमाच्या गाण्यावर म्हणायचं ते. म्हणाले, "भाऊ, अशा सात वह्या होत्या. सहा घर बांधतानी गेल्या. पोट्ट्यायले काय मालूम त्यात काय हाय."

पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना कोणी दाखवलंच नाही. पण एका रात्रीच्या डीजेला आपण जेवढी वर्गणी जमवतो, तिच्या चौथ्या हिश्श्यात या वह्यांचं पानन्‌पान स्कॅन होईल, म्हाताऱ्या गायकांचा आवाज रेकॉर्ड होईल, आणि वर चहापाण्याचा खर्चही निघेल. डीजे लावू नका असं मी म्हणत नाही. तीन रात्रींपैकी एक रात्र पार्टीला द्या, एवढंच. माइक, हार्मोनियम, ढोलक, आणि समोर सतरंजी.

सभागृहाचं आश्वासन प्रत्येक निवडणुकीत ऐकतो, मीच त्याच्या बातम्या छापल्यात. ते होईल तेव्हा होईल. वह्या तोवर थांबणार नाहीत, त्यांना वाळवी लागली आहे.

तर ज्यांच्या घरी आजोबांची, मामाची, काकाजींची गाण्यांची वही असेल त्यांनी मला फोन करा. वही घेऊन जाणार नाही. तुमच्याच ओसरीवर बसून मोबाइलवर फोटो काढीन. आणि गाणारे हयात असतील तर वेळ संध्याकाळची सांगा. सकाळी त्यांचा गळा लागत नाही म्हणतात.