रविवारची हजेरी

मराठीच्या प्राध्यापकाला महाविद्यालयात एक बिनपगारी खाते सांभाळावे लागते, ते म्हणजे प्रतिशब्दांचे. कुणाच्या मुलाच्या मुंजीची पत्रिका असो, सोसायटीच्या फळ्यावरची सूचना असो, नाहीतर नव्या इमारतीवर बसवायचा संगमरवरी फलक असो, 'जरा याला चांगला मराठी शब्द सांगा बरे!' असे म्हणत मंडळी आमच्या टेबलाशी येतात. शब्द सांगितला की तो त्यांना जड वाटतो आणि शेवटी इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहून ती निघून जातात. या व्यवहारात दोन्ही पक्ष खूष असतात. मराठीची विचारपूस केल्याचे पुण्य त्यांना लागते आणि मला चहा मिळतो.

गेल्या पावसाळ्यात मात्र असा एक शब्द माझ्या वाट्याला आला की त्याने माझी दुपारची डुलकी चांगले आठ दिवस बुडवली. शब्द होता 'एम्प्लॉयी एंगेजमेंट'. आमच्या महाविद्यालयात (नाव कशाला हवे? वर्सोव्याहून मेट्रोत बसले की घाटकोपर येईपर्यंत अशी महाविद्यालये पुष्कळ लागतात!) नोकरवर्गाच्या सुखासमाधानाची पाहणी करण्याचे ठरले. बाहेरच्या तज्ज्ञांनी इंग्रजी प्रश्नावली पाठवली. प्रत्येक प्रश्नाखाली पाच वाटोळे चेहरे होते, पहिला रडवेला आणि पाचवा दात दाखवणारा. आपल्या मनाला जुळेल त्या चेहऱ्यावर खूण करायची. शिपाई, कारकून, प्रयोगशाळेतले मदतनीस यांना ती नीट कळावी म्हणून तिचे मराठी करायचे होते.

आता मराठी घरात 'एंगेजमेंट' म्हटले की डोळ्यांपुढे पेढे येतात. 'कर्मचाऱ्यांची एंगेजमेंट' असे छापले असते तर आमच्या शिपायाने पहिला प्रश्न विचारला असता, 'सर, कुणाची? आणि हॉल कोणता?' बरे, 'गुंतवणूक' म्हणावे, तर महिनाअखेरीस त्या शब्दाने कारकुनांच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखे झाले असते. 'तादात्म्य' हा शब्द वर्गात शोभतो, पण हजेरीपुस्तकाशेजारी बिचारा अवघडतो. न. चिं. केळकरांनी साहित्याच्या आनंदाला 'सविकल्प समाधी' असे नाव दिले होते. फीच्या खिडकीशी बसलेल्या गृहस्थांना 'आपली सविकल्प समाधी लागते काय?' असे विचारण्याचा मोह मी फार कष्टाने आवरला.

गंमत अशी की उलट बाजूचा शब्द शोधायला मला क्षणभरही लागला नाही. मन नसताना केलेल्या कामाला आपण म्हणतो पाट्या टाकणे. शिवाय खर्डेघाशी आहे, वेठ मारणे आहे, अंग चोरणे आहे. काम टाळण्याच्या छटा मोजायला बसलो तर आमची भाषा किती समृद्ध आहे याचा अभिमानच वाटू लागतो! पण पाट्या टाकणारा माणूस आळशी असतो हे मला पटत नाही. पाटी तर तो टाकतोच, मोजून टाकतो. त्या जागी पुढे काय उभे राहणार, आणि त्यात आपले काय असणार, हे मात्र त्याला कुणी सांगितलेले नसते. शेवटी मी 'कामात मन रमणे' असे साधे मराठी लिहिले आणि कागद पुढे ढकलले.

शब्दाचा पिच्छा पुरवण्याची खोड असल्यामुळे मी त्याचे मूळही शोधले. विल्यम कान या अमेरिकन प्राध्यापकाने १९९० साली एका निबंधात हा शब्द या अर्थाने रूढ केला. त्याने पाहणी कुठे केली, तर मुलांच्या उन्हाळी शिबिरात आणि वास्तुशिल्पकारांच्या एका कचेरीत. माणूस कामात स्वतःला केव्हा ओततो, याची तीन कारणे त्याला दिसली. काम करण्याजोगे वाटले पाहिजे. मनातले बोललो तर अंगाशी येणार नाही असा भरवसा पाहिजे. आणि तिसरे म्हणजे, ओतण्यापुरते त्राण अंगात शिल्लक पाहिजे. पुढे या शब्दावर मोठमोठ्या कंपन्या चालू लागल्या. गॅलप नावाच्या प्रसिद्ध संस्थेच्या बारा प्रश्नांत तर 'कामाच्या जागी तुमचा जिवलग मित्र आहे का?' असाही एक प्रश्न आहे. आमच्या वरिष्ठ कारकुनांना हा प्रश्न विचारला तर ते आधी विचारतील, 'त्याने माझे नाव सांगितले का?'

मला स्वतःला कानसाहेबांचे तिसरे कारण सर्वांत मोलाचे वाटते, आणि ते वाचून मी कौतुकाने मान डोलावतो आहे तोच स्टाफरूमच्या फळ्यावर सूचना लागली: 'कर्मचारी कल्याण कार्यशाळा. रविवारी सकाळी नऊ वाजता. उपस्थिती अनिवार्य.'

रविवारी! ज्यांनी हा वार निवडला त्यांना तो कुठून आला हे ठाऊक नसावे. आपल्याला वाटते, रविवारची सुट्टी इंग्रजांनी चर्चमधून आणली आणि आपल्या पदरात आयती पडली. सरकारी कचेऱ्यांपुरते ते खरेही असेल. गिरणगावाला ती कुणी आयती दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे नावाचे गृहस्थ आधी रेल्वेत आणि पोस्टात होते, मग एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. १८८० मध्ये 'दीनबंधु' पत्र त्यांनी मुंबईत आणून चालवायला घेतले. त्या वेळी गिरणीत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, कारण दिवे नव्हते. सूर्य हाच मुकादम. सणावारी मिळतील तेवढ्याच सुट्ट्या. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या पाहा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, मागच्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. यात एकही मागणी अशी नाही की जिच्यासाठी तज्ज्ञ बोलवावा लागावा.

रविवार मिळायला आणखी सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. एकशे तीस वर्षांपूर्वी, दहा हजारांपुढे उभे राहून बोलणाऱ्या त्या दोघींची नावे आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवी होती, असे मला नेहमी वाटते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली आणि पुढल्याच वर्षी ती कायद्यात आली. कानसाहेबांच्या निबंधाच्या बरोबर शंभर वर्षे आधी! लोखंडे १८९७ मध्ये प्लेगने गेले. मालकवर्गातही सगळेच आंधळे होते असे नाही. जमशेटजी टाटांनी आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ साली पेन्शन फंड आणि १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू केली. लोक कामाला का येत नाहीत, याचा विचार दंड ठोकण्याच्या आधी करणारे थोडे जण तेव्हाही होते.

कार्यशाळेच्या रविवारी मी घरून निघालो. आमचे घर वर्सोव्याच्या कोळीवाड्यापासून दहा मिनिटांवर आहे. नकाशात वर्सोवा, कोळ्यांच्या तोंडी वेसावे. वळणावर आमची नेहमीची मासळीवाली मावशी बसते. माझ्या खांद्याला बॅग पाहून ती म्हणाली, "मास्तर, आज तं रविवार. पिशवी नाय, बॅग घेऊन कुटं?"

मी म्हटले, "मावशी, सुखी कसे राहायचे ते शिकवणार आहेत."

"रविवारी?" ती म्हणाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची पापलेटे कापू लागली.

मावशीला रविवारची सुट्टी नाही. तुम्हाआम्हाला सुट्टी, म्हणून तिचा सगळ्यात मोठा धंदा त्याच दिवशी. तिचा विसावा आमच्या सोमवार-गुरुवार-शनिवारच्या पंक्तीत आणि श्रावणात बसवलेला आहे. तिच्या घरच्या पुरुषांचे वेळापत्रक तर चंद्राच्या हाती. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेले निमुळत्या पिशवीसारखे जाळे. भरती-ओहोटीची ओढ जेवढी जोराची, तेवढी मासळी आत येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला रात्र आणि दिवस एक होतात; अष्टमीच्या सुमारास पाणी मंदावते, त्याला भांग म्हणतात, तेव्हा होडी काठाला येते आणि माणसे जाळी सांधत बसतात. वर १ जून ते ३१ जुलै सरकारी मासेमारी बंदी. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मग खऱ्या अर्थाने वर्ष सुरू. मन रमते का, असे तिथे कुणाला विचारायची सोय नाही, पण जाळे सांधणाऱ्याला हे जाळे कुठे लागणार आहे हे पक्के माहीत असते. कोळीवाड्यात स्वर्ग आहे असे मात्र मी म्हणणार नाही. मोठ्या यांत्रिक होड्यांवरचे खलाशी दूरच्या प्रांतांतून येतात आणि दिवसच्या दिवस किनारा पाहत नाहीत. त्यांना जाळ्यात वाटा नसतो, मजुरी असते.

कार्यशाळा रीतसर झाली. तज्ज्ञ म्हणजे तिशीतला एक हसतमुख तरुण होता. त्याने आम्हाला डोळे मिटायला लावले, श्वास मोजायला लावले आणि मग हात वर करून मोठ्याने हसायला लावले. आम्ही हसलो. हजेरी लागायची होती.

शेवटी त्याने शंका विचारायला सांगितल्या. नेहमीप्रमाणे शांतता पसरली. मग आमच्या विभागातल्या एका बाई उभ्या राहिल्या. त्या तासिका तत्त्वावर शिकवतात. हा शब्द माझ्या प्रतिशब्दांच्या खात्यातला नाही, शासनाचाच आहे. त्याचा अर्थ असा की कायमची जागा भरलेली नाही, तेव्हा वर्गात जेवढे तास घ्याल तेवढ्यांचे पैसे. परीक्षा लागली की तास नाहीत. दिवाळीत तास नाहीत. मे महिन्यात तास नाहीत. आणि पुढल्या वर्षी पुन्हा नव्याने नेमणूक. बाई नेट उत्तीर्ण आहेत. नालासोपाऱ्याहून लोकलने आणि पुढे मेट्रोने येतात. त्यांच्या वर्गात मुले बसतात, एवढे सांगितले म्हणजे त्यांच्या शिकवण्याविषयी सांगायचे राहिले नाही. त्या म्हणाल्या, "सर, हा रविवार तासिकेत धरणार का?"

प्राचार्य पंख्याकडे पाहू लागले. तरुणाला प्रश्न कळलाच नाही. त्याने 'चांगला मुद्दा' म्हणून तो वहीत टिपून घेतला. चहाच्या वेळी मात्र तो माझ्याजवळ आला आणि तासिका म्हणजे काय, असे हळूच विचारू लागला. मी सांगितले. बिस्किट चहात बुडवून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मीही तसाच आहे. कार्यक्रम असेल तेव्हा पैसे." बिस्किटाचा अर्धा भाग एव्हाना कपाच्या तळाला गेला होता.

आठवडाभराने भरलेल्या मराठी प्रश्नावल्या पुन्हा माझ्याकडे आल्या. आता त्यांचे इंग्रजी करायचे होते. चेहऱ्यांत पाहण्यासारखे काही नव्हते. बहुतेकांनी चौथ्या चेहऱ्यावर खूण केली होती, म्हणजे खूष, पण दात दिसणार नाहीत इतपत. 'नाव लिहू नये' असे वर छापले असले तरी एकमेकांचे अक्षर सगळ्यांच्याच ओळखीचे! कानसाहेबांचे दुसरे कारण ते हेच. पण शेवटी 'आणखी काही सांगायचे आहे का?' म्हणून तीन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या, तिथे माणसे बोलली होती. बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. प्रयोगशाळेतला पंखा दोन वर्षे बंद आहे. 'दारात बावीस वर्षे उभा आहे, एक खुर्ची मिळावी.' एकाने लिहिले होते, 'घंटी वाजवण्यापेक्षा नावाने हाक मारावी.' हसण्याचा वर्ग पुन्हा भरवावा असे कुणीच लिहिले नव्हते. आणि एका कागदावर, ओळखीच्या वळणदार अक्षरात, एवढेच: 'मे महिन्याचे काय?'

सगळ्याचे इंग्रजी करून मी दिले. प्राचार्य माणूस वाईट नाही. कडी आठ दिवसांत बसली. खुर्ची आली, तिच्यावर बसायला शिपायाला पहिले चार दिवस संकोच वाटत होता, आता तो तिथे बसून वर्तमानपत्र वाचतो आणि कुणी आले की पूर्वीपेक्षा लवकर उठतो. पंखा दुरुस्तीला गेला आहे. घंटीचे अजून व्हायचे आहे. मे महिन्याविषयी अहवालात लिहिले गेले की हा विषय महाविद्यालयाच्या अखत्यारीबाहेरचा आहे. ते खोटे नाही. जागा मंजूर करणे शासनाच्या हाती आहे आणि त्यासाठी संघटनांची निवेदने वर्षानुवर्षे जात आहेत. रविवार मात्र अखत्यारीतला निघाला. पुढली कार्यशाळा बुधवारी दुपारी ठेवली आहे, आणि ते दोन तास बाईंच्या हिशेबात धरायचे असे प्राचार्यांनी कार्यालयाला तोंडी सांगितले आहे. लेखी सांगा, असा मी त्यांच्यामागे लकडा लावला आहे.

दिवाळीची सुट्टी लागली आहे. आमचा पगार चालू आहे. बाईंचे तास थांबले आहेत, म्हणून त्यांनी यंदा भाजणीच्या चकल्यांच्या ऑर्डरी घेतल्या आहेत. स्टाफरूममध्ये यादी फिरली तेव्हा आम्ही दोन किलो लिहिल्या. 'पैसे आधी द्यायचे हं, सर,' असे त्यांनी सगळ्यांना बजावले, आणि सगळ्यांनी ते त्याच दिवशी दिले.