लॉटरी आणि सकाळची न्याहारी

चि. भाचीस,


लॉटरी लागलेली आणि अपघातात अधू झालेली माणसे काही काळाने सारखीच सुखी असतात, हा जो दाखला तुझ्या पत्रात आला आहे, तो फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला असून, तोंडोतोंडी फिरताना त्याचा बराच विपर्यास झाला आहे. इलिनॉय राज्याच्या लॉटरीत पन्नास हजार ते दहा लाख डॉलर मिळालेले २२ विजेते, त्याच वस्त्यांतले पण बक्षीस न लागलेले २२ रहिवासी आणि अपघाताने अंग लुळे पडलेले २९ जण, एवढ्यांच्याच उत्तरांवर तो उभा आहे. सध्याच्या सुखाला शून्य ते पाच गुण द्यावयाचे असता विजेत्यांची सरासरी ४, रहिवाशांची ३.८२ आणि अपघातग्रस्तांची २.९६ आली. अपघातग्रस्त कमी सुखी होते, हे उघड आहे. एरवी लोक कल्पितात तितके ते खचलेले नव्हते, एवढेच.

या अभ्यासाचा खरा गाभा मात्र दुसऱ्याच प्रश्नात आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. मित्राशी गप्पा, न्याहारी, एखादा विनोद, कोणी केलेली वाखाणणी, मासिक चाळणे अशा रोजच्या गोष्टींतून किती आनंद मिळतो, असे विचारले तेव्हा विजेत्यांनी सरासरी ३.३३ गुण दिले आणि रहिवाशांनी ३.८२. ब्रिकमन यांनी याची दोन कारणे मानली: एक विरोधाचा परिणाम, म्हणजे मोठ्या आनंदाशेजारी लहान आनंद फिका वाटणे, आणि दुसरे सरावणे, म्हणजे नवे सुखही हळूहळू नेहमीचे होणे, ज्याला मराठीत कसल्याही परिभाषेवाचून ‘अंगवळणी पडणे’ म्हणतात.

तथापि पैशाने काहीच साधत नाही, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल; कारण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, स्वीडनमधील विजेत्यांच्या कितीतरी मोठ्या पाहणीत मोठ्या बक्षिसानंतर जीवनसमाधान, म्हणजे एकूण आयुष्याबद्दलचा विचारपूर्वक कौल, दशकाहून अधिक काळ वाढलेला आढळला, तर सुखाच्या भावनेवरील परिणाम त्याहून बराच कमी होता. तुला एखाद्या व्याख्यानात हा जुना दाखला द्यावयाचाच असेल, तर २.९६ हा आकडा गाळू नये.



मामाचे आशीर्वाद