सायकलची विजार

सायकल चालवणाऱ्याचा दिवस कसा जाणार हे पुष्कळदा त्याच्या विजारीवर ठरतं. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या चाकुरात तरी हे कुणाला पटवून द्यावं लागणार नाही. पहाटे दुधाचे कॅन लटकवून निघालेला माणूस, पेपर टाकणारं पोरगं, शिवारातल्या वाटेनं शाळेला येणाऱ्या मुली, लातूर रोड स्टेशनावर गाडी धरायला निघालेला नोकरदार, ही सगळी सायकलवरून उतरतात आणि त्याच कपड्यांत पुढच्या कामाला लागतात. सायकलीला एक कपडा आणि कामाला दुसरा, असं इथे जमत नाही. रोजची पँटच अशी हवी की ती पायडलवर चालावी आणि बँकेच्या खिडकीपुढेही शोभावी.

पण पँट आपण निवडतो ती आरशापुढे ताठ उभं राहून. सायकलवर बसलं की कंबर पुढे झुकते, गुडघा पोटाकडे उचलला जातो, मांडीवर कापड ताणलं जातं. मिनिटाला साठ फेरे धरले तर तासाभरात प्रत्येक मांडी तीन हजार सहाशे वेळा वर येते. कापड तिच्याबरोबर यायला तयार नसेल तर ते काचतं. सुरुवातीला नुसतं चुरचुरतं, उन्हाळ्यात घाम मुरला की जांघेत लाल रेघ उठते आणि दोन दिवस माणूस पाय फाकून चालतो. आमच्याकडचे जुने टेलरमामा माप घेण्याआधी म्हणूनच विचारत, "सायकलीवर घालायची हाय का नुसतं मिरवायला?" उत्तर ऐकून ते आसन थोडं सैल धरत आणि मागची कंबर पुढच्यापेक्षा जरा चढती ठेवत. वाकलं की शर्ट वर सरकतो आणि पँट खाली, हे त्यांना ठाऊक होतं. तयार पँटींच्या दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि मला तो विचारला जायला हवा असं मनापासून वाटतं.

जीन्सवर माझा राग नाही. १८७३ साली लीव्हाय स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी तांब्याच्या रिबिटांचं पेटंट घेतलं ते कष्टकऱ्यांच्या पँटी फाटू नयेत म्हणून. जाड कापड, दुहेरी शिलाई, सगळं टिकण्यासाठी. पण पुढच्या-मागच्या चार शिलाया जिथे एकत्र येतात ती जाड गाठ नेमकी सीटवर टेकते. अंगाचा भार, खडीचा रस्ता आणि ती गाठ! पाच मिनिटांच्या फेरीला काही वाटत नाही. वडवळ नागनाथाच्या बेटाकडे निघालात की कळतं. त्यात जीन्सचं कापड चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपास. पावसात भिजलं की ते अंगाला चिकटतं आणि दुपारपर्यंत वाळत नाही.

आपल्या जुन्या पेहरावाकडे पाहिलं की त्यातली समज जाणवते. सलवारीच्या आसनात चौकोनी तुकडा जोडतात. त्यामुळे शिलायांची गाठ मधोमध येतच नाही आणि पाय हवा तेवढा फाकतो. पायजम्याला नेफा आणि नाडी, म्हणजे जेवणानंतर सैल आणि चढावर घट्ट. नऊवारीचा कासोटा तर दोन्ही पाय मोकळे करून देतो. शेतातल्या बायका त्याच लुगड्यात वाकतात, चढतात, बांध ओलांडतात. पाश्चात्य बायकांच्या घोळदार झग्यांना सायकल पेलेना, तेव्हा सायकलीचीच मधली दांडी खाली वाकवली गेली आणि 'लेडीज सायकल' झाली. १८५१ साली अमेरिकेत अमेलिया ब्लूमर या संपादिकेनं तुर्की धर्तीच्या सैल विजारीची बाजू आपल्या नियतकालिकातून मांडली होती. लोकांनी तिची टवाळी केली. पुढे १८९०च्या दशकात घरोघर सायकल आली आणि तीच विजार पुन्हा बाहेर निघाली. आपल्या सलवारीच्या या दूरच्या बहिणीनं तिथल्या बायकांना रस्त्यावर आणलं, याचा मला आनंद वाटतो.

कापडाचं म्हणाल तर सूत. सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांपर्यंत धरून ठेवतो, पॉलिस्टरला अर्धा टक्काही धरवत नाही. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हा फरक पुस्तकातला राहत नाही, मांडीला कळतो. टेरिकॉट इस्त्री धरतं आणि लवकर वाळतं हे खरं, म्हणून कचेरीत ते टिकून आहे, पण उन्हातल्या चढाला ते नको. मध्यम जाडीचं सुती ड्रिल, त्यात दोनेक टक्के लायक्रा मिसळलेला असेल तर गुडघ्याला सोपं जातं. खादीची ओढ असेल तर लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात उदगीरला राष्ट्रध्वजासाठीची खादी विणली जाते. खादीची विजार अंगाला फार सुखाची, फक्त सीटवर ती लवकर विरते. तिथे आतून एक थर जास्तीचा लावून घ्यावा.

मोहरी अरुंद हवी. साखळी उजव्या बाजूला असते, म्हणून काळा डाग नेहमी उजव्या पायालाच पडतो, आणि चेनकव्हर नसेल तर दातऱ्यात सापडलेली मोहरी माणसाला आडवं पाडते. रबर, क्लिप, नाहीतर मोज्यात खोचणं, यातलं काहीही चालेल. पौष-माघात करडईच्या कडेनं जाणाऱ्या पायवाटेवर सैल मोहरीला काटे ओढतात, आणि पहिल्या पावसानंतर काळ्या मातीचा चिखल तिच्यावर असा बसतो की दोन धुण्यांत निघत नाही. पण त्या वाटेनं सकाळी निघावं! तुरीवरून वारा येतो, पाय आपोआप फिरत राहतात, आणि अंगावरचं कापड चांगलं असेल तर त्याची आठवणसुद्धा येत नाही.

सायकलपटूंची आतून गादी लावलेली चड्डी लांब पल्ल्याला लागते, ते मान्य. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ साली १५९ दिवसांत सायकलवरून जगप्रदक्षिणा पूर्ण केली. अशा प्रवासाची गरजच वेगळी. तहसिलीत सातबारा आणायला जाणाऱ्याला ती चड्डी उपयोगाची नाही.

मला काळजी आहे ती मुलींची. राज्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सायकल मिळाली, पण गणवेशाची सलवार आसनात आखूड, ओढणी चाकाकडे लोंबणारी, कापड घाम न पिणारं. अशी मुलगी चार दिवस सायकल चालवते आणि पाचव्या दिवशी पायी निघते. घरचे म्हणतात, तिला आवडच नाही. जूनमध्ये गणवेश ठरवणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना म्हणूनच माझी विनंती आहे: माप देताना मुलीला एकदा सायकलवर बसवा, पायडल वर घ्यायला सांगा, आणि मग टेलरला आसन धरू द्या.